१०६ रुपयांचं पेट्रोल आणि दोन तासांची रांग

आमच्या पंपावर येणारे बहुतेक दुचाकीवाले शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकतात. टाकी फुल करणारे थोडे. पगार झाल्यावर दोन-चार दिवस वाढतात, एवढंच. नाशिकच्या दिंडोरी रोडवर, मार्केट यार्डाच्या अलीकडे-पलीकडे पंप म्हटल्यावर हमाल, आडत्यांकडची पोरं, भाजीच्या पिकअप, क्लासला जाणारी मुलं असंच गिऱ्हाईक. जमिनीखालच्या टाकीत माल किती ठेवायचा, लोड, म्हणजे टँकरभर माल, कधी मागवायचा, हे सगळं या शंभर-दोनशेच्या सवयीवर बेतलेलं असतं. मी तिथे मॅनेजर आहे. १ जानेवारी २०२४ च्या दुपारी ती सवय मोडली आणि आमचं सगळं गणित कोलमडलं.

कारण सगळ्यांना माहीत आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली आणि देशभर ट्रक-टँकरचे चालक स्टेअरिंग सोडून उतरले. (रांगेत प्रत्येकाच्या तोंडी 'सात लाख दंड' होता. कलमात तसा आकडाच नाही, पण सांगून कोण ऐकणार?) मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. आमचा माल तिथूनच येतो. त्या दिवशी टँकर तिथेच उभे राहिले.

पानेवाडीत माल संपला नव्हता. मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने येणारं इंधन तिथल्या टाक्यांत होतं. नाशिकपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर तेल पडून होतं आणि इथे पंप कोरडे पडायला लागले. मधला रस्ता कापायला माणूस नव्हता, बस. पुरवठा म्हणजे किती निघालं ते नव्हे, नोझलपर्यंत किती पोचलं ते, हे या धंद्यात राहूनही मला इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

दुपारी जेवून आलो तेव्हा टाकीत साधारण नऊ हजार लिटर पेट्रोल होतं. आदल्या दिवशी रविवार, त्यात थर्टी फर्स्ट; लोड आला नव्हता. तरी नऊ हजार म्हणजे आमचा आरामात दोन दिवसांचा माल. चार वाजता गाड्या वाढल्या. कुणाच्या तरी मोबाइलवर बंद पंपाचा फोटो आला होता, तो सगळ्या ग्रुपांवर फिरत होता. पाचला रांग गेटबाहेर, सहाला पुढच्या चौकापर्यंत. आणि नोझलवरची पोरं एकच शब्द ऐकत होती: फुल.

इथे जरा हिशोब करतो, कारण खरी गंमत त्यातच आहे. तेव्हा पेट्रोल लिटरला १०६ रुपयांच्या घरात होतं. शंभरात लिटरही बसत नाही, दोनशेत पावणेदोन-दोन. म्हणजे एरवी दुचाकीमागे सरासरी दीड लिटर धरा. स्कूटरच्या टाकीत पाच लिटर मावतं, मोटारसायकलच्या टाकीत दहाच्या आसपास. तोच माणूस, तीच गाडी, तेवढंच फिरणं, फक्त दीडऐवजी पाच लिटर मागितले, तर एकही नवं गिऱ्हाईक न वाढता दोन दिवसांचा माल पंधरा तासांत संपतो. आणि इथे तर गिऱ्हाईकही दुप्पट झालं होतं. मी दोन गाड्यांच्या काट्यांवर नजर टाकली, दोन्ही अर्ध्याच्या वर. टंचाई अजून यायची होती. तिला आणायला सगळे निघाले होते. आणि वेडं कुणीच वागत नव्हतं. शेजारी फुल करणार असेल तर मी न करणं हाच मूर्खपणा, असं प्रत्येकाचं गणित होतं, आणि ते एकेकट्याचं बरोबरच होतं.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न: "भाव वाढवला का हो?" नव्हता वाढवला. वाढवूच शकत नाही. दर कंपनीकडून येतो, सकाळी सहाला मशिनवर चढतो, आमचं कमिशन ठरलेलं. त्यातून जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट कमी केला, तेव्हापासून महाराष्ट्रात दर जवळपास जागचा हलला नव्हता. एका चारचाकीवाल्याने काच खाली करून मला हळूच सांगितलं, "लिटरला दीडशे लावा, पण मधून घ्या." नाही म्हणालो. मागे हमाल उभे होते, त्यांनी मला तिथेच धरलं असतं आणि बरोबरच केलं असतं.

पण भाव वाढला नाही म्हणजे कुणाला जास्त पडलं नाही, असं नाही. एक बिगारी काम करणारा माणूस दोन तास रांगेत होता, त्याची संध्याकाळची पाळी बुडाली. त्याला ते दोनशेचं पेट्रोल पाचशेला पडलं असणार. उलट कॉलेजातल्या पोरांना वेळच वेळ. त्यांना ते खरंच १०६ ने मिळालं. मशिनवरचा आकडा अडकवून ठेवला की उरलेली किंमत लोक पायांनी मोजतात. आणि गेटच्या बाहेर तर भाव आपोआप फुटलाच. एक पोरगा टाकी भरून घ्यायचा, कोपऱ्यावर नळी लावून बाटल्या काढायचा आणि लिटरची बाटली दोनशेला विकायचा. आम्ही बाटलीत देत नाही, तसा नियम आहे, म्हणून त्याने हा रस्ता काढला. त्याला हुसकावलं तर तो पुढच्या कोपऱ्यावर.

आठच्या सुमारास दोन पोलीस आले, बाचाबाची वाढली होती. त्यांच्याशी बोलून शेठनी, म्हणजे पंपाच्या मालकांनी, ठरवलं: दुचाकीला दोनशे, चारचाकीला पाचशे. चंदीगडमध्ये तर दुसऱ्या दिवशी प्रशासनानेच अशी मर्यादा घातली, तीही याच आकड्यांची. शिव्या भरपूर खाल्ल्या, पण उपाय चालला. माल मध्यरात्र ओलांडून टिकला. काही महाभाग दोनशेचं घेऊन परत रांगेच्या शेपटीला जाऊन लागत होते. एक काका तिसऱ्यांदा आले तेव्हा आमच्या पोराने त्यांना नमस्कारच घातला.

डिझेलच्या बाजूला दिंडोरीकडचा एक शेतकरी पिकअप घेऊन उभा होता. लाल कांदा विकून परत निघालेला. केंद्राने ७ डिसेंबरला निर्यातबंदी जाहीर केली होती, ३१ मार्चपर्यंत, आणि नाशिक जिल्ह्यात कांद्याचे भाव महिनाभरात निम्म्याखाली आले होते. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवता येतो. लाल टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅनेजर, तुमच्याकडं माल नाही तरी भाव तोच. आमच्याकडं माल हाय, तर भाव गायब. बाहेरचं दार बंद केल्यावर तेवढा कांदा इथं कोण खाणार?" आवाजात राग नव्हता, हिशोब सांगावा तसं सांगितलं. मी त्याला पाचशेचंच डिझेल दिलं. हजाराचं मागत होता.

रात्री साडेबाराला डिप, म्हणजे टाकीतला माल मोजायची पट्टी, घातली. तळाचा जो माल नोझलला येतच नाही, तेवढाच उरला होता. पंप ड्राय. दोरी बांधली, पुठ्ठ्यावर 'पेट्रोल नाही' लिहून लावलं. त्यानंतरही तासभर लोक येऊन पुठ्ठा वाचून "खरंच नाही का?" विचारत होते.

मंगळवारी रात्री दिल्लीत गृह सचिवांची वाहतूकदार संघटनेशी बैठक झाली, कलम लावण्याआधी चर्चा करू असं सरकारने सांगितलं आणि संप मिटला. आमचा टँकर बुधवारी आला. दोन तास रांग लागली, मग विरळ झाली, आणि गुरुवार-शुक्रवारी आम्ही अक्षरशः माश्या मारत होतो. साहजिक होतं. आमच्या टाकीतलं पेट्रोल लोकांच्या टाक्यांत जाऊन बसलं होतं आणि जाळायचं तेवढंच जळत होतं. आठवड्याची बेरीज केली तेव्हा विक्री नेहमीच्या आठवड्यापेक्षा फारशी वेगळी निघाली नाही.

यात शेठही होते बरं का. संप मिटल्याची बातमी येताच त्यांनी एकाऐवजी दोन लोडचे पैसे भरून टाकले होते, पुन्हा काही झालं तर असू दे म्हणून. बाकीच्या पंपवाल्यांनीही तेच केलं असणार, कारण डेपोत म्हणे भरणीला नंबर लागत नव्हता. आमचा दुसरा टँकर शुक्रवारी दुपारी आला. डिप घातली तर टाकीत उतरवायला जागा नाही. चालक गाडी कडेला लावून चहाला गेला आणि आम्ही बसलो गिऱ्हाइकांची वाट बघत.