आमची वाटचाल : भिंग, चाळणी आणि वरकस जमिनीवरचा चारा

ठाण्यातल्या आमच्या बियाण्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी आजही एक भिंग आणि बारीक जाळीच्या दोन चाळण्या ठेवलेल्या असतात. नव्या ग्राहकाला त्या शोभेच्या वाटतात. मात्र त्या तिथे का आहेत, हे सांगितल्याशिवाय आमच्या व्यवसायाची हकिगत पूर्ण होत नाही.

दुकान सुरू केले तेव्हा लसूणघास या हिरव्या चाऱ्याचे बियाणे हाच आमचा मुख्य माल होता. तिसऱ्या हंगामात एका मोठ्या व्यापाऱ्याकडून शिक्कामोर्तब असलेले पोते उचलले आणि विश्वासाने सुटे करून विकले. दीड महिन्याने शहापूर तालुक्यातले एक शेळीपालक काका रोपांची जुडी घेऊन आले. तिच्यावर पिवळ्या दोऱ्यांसारख्या, पिकाचा रस शोषणाऱ्या अमरवेलीचा गुंता होता. त्यांच्यामागून आणखी सात-आठ जण आले. भिंगाखाली पाहिले तेव्हा लसूणघासाच्या गुळगुळीत, पिवळसर, वालासारख्या बाकदार दाण्यांत अमरवेलीचे राखाडी-तपकिरी, गोलसर आणि खरबरीत दाणे स्पष्ट दिसले. भिंग आणि चाळण्या गल्ल्याशेजारी आल्या त्या यामुळेच. व्यापाऱ्याने हात झटकले; पोते फोडल्यावर जबाबदारी आमची, असे त्याचे म्हणणे. आम्ही सर्वांचे पैसे परत केले, त्यासाठी घरातले दागिने गहाण पडले आणि दुकानाला कुलूप लागण्याची वेळ आली. त्या व्यापाऱ्याने पुढे आमच्याच ग्राहकांना स्वस्त दर सांगितले, हे मी अजून विसरलेलो नाही. काका मात्र पैसे घ्यायला तयार झाले नाहीत. अमरवेलीसकट रोपे उपटून त्यांनी जागेवरच जाळली आणि विचारले, "पाण्याशिवाय उभे राहील असे काही आहे का?"

कोकणात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मग पाण्याचा ताण कसला, असे विचारणारे अजूनही भेटतात. परंतु वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीच्या मुरमावरून ते पाणी वाहून जाते, आणि तानसा-भातसा धरणांच्या उशाशी असलेल्या पाड्यांवरही उन्हाळ्यात टँकर येतो. तिथे दर आठ-दहा दिवसांनी पाणी मागणारा आर. एल. ८८ जातीचा लसूणघास कितीही सकस असला तरी कसा जगणार?

काकांच्या वरकशीत आम्ही चार चाऱ्यांच्या चार ओळी लावल्या: लसूणघास, स्टायलो या चाऱ्याचे हमाटा आणि स्काब्रा हे दोन प्रकार, आणि दशरथ घास. लसूणघास फेब्रुवारीतच गेला. स्टायलो हमाटाने पावसाळ्यात जमीन छान झाकली, पण तो बी धरून वाळला आणि पुढच्या पावसात गळालेल्या बियांतून पुन्हा उगवला; चराऊ रानासाठी तोच बरा. स्टायलो स्काब्राचे मूळ खोल जाते, त्यामुळे एप्रिलमध्येही त्याला हिरवा पाला होता, मात्र खोड काष्ठमय आणि चिकट असल्याने म्हशी तोंड फिरवत आणि शेळ्या पाने ओरबाडून खात. दशरथ घासाला अधूनमधून घागरभर पाणी मिळाले तर तो कापणी देत राहिला. सुबाभळीत असतो तो मिमोसिन या जनावरांना अपायकारक द्रव्याचा दोषही त्याच्यात नाही. गोठ्यात कापून घालणाऱ्याने दशरथ घ्यावा, शेळ्यांच्या रानात स्काब्रा लावावा, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्टायलोचे दाणे टणक कवचाचे असतात. सुमारे ८० अंश तापलेल्या पाण्यात चार मिनिटे बुडवून सुकवल्याशिवाय ते पेरू नयेत, आणि एक सेंटिमीटरपेक्षा खोल तर मुळीच नाही. न उगवलेल्या बियाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे केलेले नसते. लसूणघास घेणाऱ्यांनीही उपाशी जनावराला ओला पाला एकदम घालू नये, नाहीतर पोट फुगते. आधी थोडे सुके गवत द्यावे.

पुढची वर्षे बरी गेली, त्यांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या गेल्या यात्रेत काका भेटले तेव्हा त्यांनी स्वतःच्या रानातले स्काब्राचे बी फडक्यात बांधून आणले होते, आणि ते मी भिंगाखाली तपासूनच विकायला घ्यावे असा त्यांचा आग्रह होता. अमरवेल पडलेल्या वाफ्यात त्यांनी आजवर लसूणघास पेरलेला नाही.