एकाच दिवशी दोन सेन्सर

वाहनदुरुस्तीच्या कामात माझी चौदा वर्षे गेली. पण ज्या कामाने मला सर्वांत जास्त ओशाळवाणे केले ते गॅरेजमध्ये नव्हे, सुट्टीच्या दिवशी थोरल्या बहिणीच्या अंगणात झाले. तिच्या गाडीचा ‘चेक इंजिन’चा दिवा आठवडाभर विझत नव्हता, ॲव्हरेज घसरले होते आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर लावताच बिघाडाचे दोन कोड मिळाले, पी०१३५ आणि पी०१४१. पहिला धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा, दुसरा पलीकडच्या सेन्सरच्या हीटरचा.

“दोन्ही एकाच दिवशी कसे रे बिघडतील?” ताईने विचारले.

गाडीचे वय झाले की असे होते, असे काहीतरी सांगून मी तिचा प्रश्न उडवून लावला.

हा सेन्सर म्हणजे झिर्कोनिया या सिरॅमिकचे टोपण असते. त्याच्या एका अंगाला सायलेन्सरकडे जाणारा धूर आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका त्यातून विद्युतदाब निर्माण होतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की तो ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा जास्त झाली की ०.१ पर्यंत उतरतो, आणि इंजिनचा संगणक त्यावरून एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळत राहतो. मात्र साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय सेन्सर बोलत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर दिलेला असतो. हीटर मेला तर धुराच्या उष्णतेने सेन्सर तापेपर्यंत संगणकाला ठरीव अंदाजाने पेट्रोल सोडावे लागते. स्कॅनरच्या पडद्यावर मला नेमके हेच दिसत होते : अलीकडच्या सेन्सरची रेघ ०.४५ व्होल्टवर कितीतरी वेळ आडवी पडून राहिली आणि इंजिन चांगले तापल्यावर मग वरखाली नाचू लागली. सेन्सर जिवंत होता, त्याला ऊब मिळत नव्हती.

गाडी जॅकवर उचलून, घोड्या लावून मी खाली सरकलो, तेव्हा कारण डोळ्यांसमोरच लटकत होते. सेन्सरच्या चार वायरींपैकी हीटरची एक पांढरी वायर उष्णतारोधक पत्र्यावर टेकून वितळली होती आणि आतले तांबे उघडे पडले होते. जळलेल्या जागेशेजारी काळ्या प्लास्टिकचा एक थेंब गोठलेला होता. तो कशाचा, हे मला लगेच कळले. पण त्या वेळी मी काही बोललो नाही.

वायर कापून, डाख देऊन वर टेप गुंडाळावी असे कोणालाही वाटेल. या सेन्सरच्या बाबतीत ते करू नये, कारण पुष्कळ सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत पोहोचते. डाखाने ती वाट बुजते. तेव्हा सेन्सर बदलणे भाग होते. सवयीने मी जुन्या सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींवर मल्टिमीटर लावला. रोध सहा ओहम दाखवला, म्हणजे हीटरचे वेटोळे ठणठणीत होते. इथे मी थांबायला हवे होते. जळकी वायर सापडली या आनंदात मी थांबलो नाही.

सेन्सर उघडणे हे या कामातले खरे कष्टाचे. वर्षानुवर्षे तापून-निवून त्याचे आटे पाइपात गंजाने धरून बसतात. आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून मी अर्धा तास वाट पाहिली, मग इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून पाइप कोमट केला आणि वायर बाहेर राहील अशी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट चढवला. सेन्सर आधी हललाच नाही. नंतर बारीक किंचाळल्यासारखा आवाज करत पाव फेरा सुटला. तिथून पुढे मी अर्धा फेरा सोडायचा, थोडा मागे आवळायचा, पुन्हा तेल मारायचे, असे करत गेलो. घाई केली तर पाइपातले आटेच सेन्सरबरोबर बाहेर येतात, आणि मग छोट्या कामाचे वेल्डिंग होऊन बसते. नव्या सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातूनच गंज न धरू देणारा राखाडी लेप लावलेला होता, त्यामुळे वरून काही लावायची गरज नव्हती. लावायचे झालेच तर टोकाला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. हाताने पूर्ण बसवून टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटरला आवळला, कनेक्टर जोडला, कोड पुसले.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू केली. रेघ पुन्हा ०.४५ वर आडवी. थोड्या वेळाने दिवा लागला. तेच दोन कोड.

ताई पायरीवर बसून पाहत होती. ती काही म्हणाली नाही, आणि तेच जास्त लागले.

मग गॅरेजमधल्या पोरांना जे पहिल्या महिन्यात शिकवतो ते मी केले. कनेक्टर सोडून, इंजिन चालू ठेवून, गाडीकडच्या बाजूला हीटरच्या पुरवठ्याची वायर तपासली. तिथे बारा व्होल्टच्या वर दाब हवा. मीटर शून्य दाखवत होता. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरील तक्त्यात दोन्ही सेन्सरांच्या हीटरांना मिळून एकच १५ अँपिअरचा फ्यूज होता. चिमट्याने तो उपसून उजेडात धरला, तर आतली पट्टी मधोमध तुटलेली. उघडे तांबे पत्र्याला लागले, फ्यूज उडाला आणि दोन्ही हीटर एका क्षणात गार पडले. मागच्या सेन्सरला काहीही झालेले नव्हते. मी मात्र तोही मागवावा लागेल असे ताईला सांगून बसलो होतो.

त्याच क्षमतेचा फ्यूज घातला, कोड पुसले आणि गाडी पुन्हा गार होऊ दिली. या वेळी एक मिनिट होण्याआधीच रेघ नाचू लागली आणि दिवा विझलेलाच राहिला.

“म्हणजे दोन्ही एकाच दिवशी बिघडले नव्हतेच तर,” ताई म्हणाली. “पण ती वायर पत्र्यावर पडली कशी?”

मागच्या वर्षी वायर धरणारी क्लिप तुटली होती, तेव्हा घाईत तिच्या जागी प्लास्टिकची पट्टी मीच बांधली होती. ते मी तिला सांगितले, आणि पत्र्याची नवी क्लिप घेऊन पुन्हा गाडीखाली शिरलो.