जिप्सी, स्पीडुइनो आणि थांबायला तयार नसलेला पंखा

गेल्या महिन्यात जिप्सी स्पीडुइनोवर, म्हणजे स्वतः जोडायच्या ओपन-सोर्स इंजिन कंट्रोलरवर, सुरू झाली, आयडलला बसली आणि मी घाईघाईने पेढे वाटले. ज्यांनी ते खाल्ले त्यांनी पुढचं वाचून खुशाल हसावं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन, मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) काढून त्याजागी अर्दुइनो मेगा २५६० वर चालणारा स्पीडुइनोचा बोर्ड, क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं चाक (३६ पैकी एक दात गाळलेला, त्यावरून ईसीयूला क्रँकची जागा कळते). गाडी मित्राच्या शेतातल्या कच्च्या ट्रॅकपुरती. रस्त्यावर काढायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या बदलांबद्दलचं, आडवं येतं, पण तो विषय वेगळा.

तर त्या संध्याकाळी इंजिन ८० अंशांवर स्थिर होतं. अंधार पडला म्हणून हेडलाइट लावले, आणि लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओत (ईसीयू सेट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पाण्याचं तापमान एका झटक्यात ९६. पंखा ९५ ला सुरू व्हावा असं मीच सेट केलेलं, तो सुरू झाला. आणि तो फिरायला लागताच आकडा थेट सव्वाशेच्या घरात! पाणी तापलं की पंखा फिरतो हे ठाऊक होतं. पंखा फिरला की पाणी तापतं हे नवीनच. दिवे बंद केल्यावर आकडा ९२ वर उतरला, पण पंखा बंद व्हायला ९० च्या खाली जायला हवं. म्हणजे पंखा आता स्वतःच स्वतःला चालू ठेवत होता. रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून पाहिला, नेहमीइतकाच गरम. म्हणजे पाणी खरं तापलंच नव्हतं.

दोन रविवार मी तापमानाच्या सेन्सरवर घालवले. नवा आणला, उकळत्या पाण्यात बुडवून रोध मोजला, पुन्हा कॅलिब्रेट केला. फरक शून्य. गॅरेजातले इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "अर्थ नीट मारलीस ना रे?" मी म्हटलं, "हो काका, बल्कहेडच्या बोल्टला." त्यावर ते, "मग झालं तर, सगळी बॉडी एकच असते." (अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट; बल्कहेड म्हणजे इंजिन आणि केबिनमधला बॉडीचा पत्रा.) काकांनी प्रश्न बरोबर विचारला होता, उत्तर मात्र दोघांचंही चुकलं.

शेवटी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक टोक ईसीयूच्या अर्थ पिनला, दुसरं इंजिनच्या हेडला. दिवे बंद: ०.०१. दिवे चालू: ०.२२. पंखाही चालू: ०.४०. घ्या! ओहमवर ठेवून हीच वायर आधी तपासली होती, तेव्हा मीटर शून्याच्या आसपास दाखवत होता. साहजिक आहे, ०.०२ ओहम साध्या मीटरला दिसत नाही, पण त्यातून १८ अँपिअर गेले की जवळजवळ ०.४ व्होल्ट होतात. अर्थ तपासायची तर करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये.

माझ्या बॅटरीची जाड निगेटिव्ह केबल गिअरबॉक्सला जाते. बॉडीला मिळते ती एक बारीक, गंजलेली पट्टी. दिवे आणि पंखा यांचा करंट बॉडीतून त्याच पट्टीने परत येतो, त्यामुळे बॉडी इंजिनपेक्षा वर उचलली जाते आणि बॉडीला बांधलेला ईसीयूही तिच्याबरोबर उचलला जातो. माझा सेन्सर एका वायरचा, त्याची अर्थ इंजिनमधून. ८० अंशांना त्याचा रोध सुमारे ३३० ओहम, म्हणजे ईसीयूला जेमतेम ०.६ व्होल्ट दिसतात. पाणी जितकं गरम, तितके हे व्होल्ट कमी. त्यातले ०.२२ गेले की ईसीयू समजतो, पाणी उकळायला आलं. थंड इंजिनला हीच चूक पाच-सहा अंशांचीच पडते, म्हणून सकाळी कधी लक्षात आली नाही.

इथे माझ्या मनात आलं, ईसीयूला इंजिनचीही एक अर्थ देऊन टाकावी, बॉडीची असू दे. बरं झालं, हात आवरला. बॉडी आणि इंजिन या दोघांमध्ये ईसीयूची बारीक वायर पूल झाली असती. उद्या गिअरबॉक्सची केबल सैल झाली आणि कुणी सेल्फ मारला, तर स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअरचा करंट ज्या वाटा मिळतील त्यांनी परत जायला बघतो. ईसीयूची अर्थ ही त्यातलीच एक वाट. वायर वितळते, आणि बोर्डावरचे ट्रॅक तर तिच्याआधी.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून सगळं उपसलं. बॉडी ते इंजिन १६ चौरस मिलिमीटरची नवी केबल, पॉलिश पेपरने रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. ईसीयूच्या सगळ्या पॉवर अर्थ हेडवरच्या एकाच बोल्टला. सेन्सर दोन वायरींचा घेतला, त्याची परतीची वायर ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनला. थ्रॉटल सेन्सरचीही तिथेच, वाटेत बॉडीला कुठेही स्पर्श नाही. क्रँक सेन्सरच्या केबलची जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला जोडली. पुण्यातल्या टपकीर गल्लीतून थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं) आणताना क्रिम्पिंगचा चांगला पाना पण घेतला. पक्कडीने दाबलेल्या थिंबलचं आयुष्य मला माहीत आहे. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज आधी हातभर लांब होता, आता वीतभर अंतरावर आलाय. फ्यूजच्या आधीच्या वायरला वाली कुणी नसतो.

पहिला सेल्फ कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून. स्पार्कचं सेटिंग 'गोइंग लो' आहे हे दोनदा पाहिलं, कारण ते उलटं पडलं तर कॉइल सतत चार्ज होत राहते आणि हातात धरवत नाही इतकी तापते. लॅपटॉप चार्जरविना, नुसत्या बॅटरीवर. शेजारी पावडरचा अग्निशामक.

आताचे आकडे: सेल्फ मारताना ईसीयू अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह ०.०६, दिवे-पंखा चालू असताना ०.०२. हेडलाइट लावल्यावर तापमानाची रेघ हलत नाही. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी दिवे चार वेळा चालू-बंद केले, मीटरकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या ओम्नीचा पेट्रोलचा काटा पण दिवे लावले की नाचतो रे." पुढच्या रविवारी ओम्नी येतेय.