पावती नको, झालेलं काम दाखवा

कोविडनंतर कुठल्या देशाने अर्थव्यवस्था सावरायला किती पैसा ओतला, याचे आकडे आपण भरपूर ऐकले. माझा जीव अडकतो तो पुढच्या प्रश्नात. तो पैसा कुठल्या अटीवर आला, आणि तो सार्थकी लागला हे कोणी, कशावरून ठरवलं? सरकारी कामांचे हिशेब तपासण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे असेल. निवृत्तीनंतर इटलीची पुनरुत्थान योजना मी नेमाने वाचत आले आहे. तिच्याइतकं शिकवणारी दुसरी योजना माझ्या पाहण्यात नाही.

इटली हा युरोपात साथीचा पहिला मोठा तडाखा बसलेला देश. मार्च २०२० मध्ये सबंध देश बंद झाला, आणि त्या एका वर्षात अर्थव्यवस्था जवळपास ९ टक्क्यांनी आकसली. सरकारच्या डोक्यावर कर्ज आधीच डोंगराएवढं होतं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३० टक्क्यांच्या वर. असा देश बाजारात आणखी कर्ज मागायला गेला की सावकार व्याज वाढवतो. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच पैसा सर्वांत महाग.

जुलै २०२० मध्ये युरोपीय संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सला युरोपीय नेत्यांची बैठक चार दिवस चालली. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडन हे हात आखडते घेणारे देश. दक्षिणेकडच्यांना फुकट पैसा द्यायला त्यांचा ठाम विरोध होता. शेवटी २१ जुलैच्या पहाटे ७५० अब्ज युरोंवर एकमत झालं. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेने, सर्वांच्या वतीने, स्वतःच्या नावावर बाजारातून कर्ज उभारायचं आणि ते २०५८ पर्यंत फेडायचं. एवढ्या प्रमाणावर एकत्र कर्ज युरोपीय संघाने त्याआधी कधीच काढलं नव्हतं. यात इटलीचा वाटा सर्वांत मोठा ठरला: १९१.५ अब्ज युरो. त्यातले ६८.९ अब्ज अनुदान, बाकी १२२.६ अब्ज कर्ज.

आता खरी गंमत हप्त्यांची. मी ज्या पद्धतीत वाढले, तिच्यात निधी येतो, बिलं निघतात, वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र जातं, आणि पैसा खर्च झाला म्हणजे काम झालं असं धरलं जातं. इटलीच्या योजनेत खर्चाच्या पावत्यांवर हप्ता मिळत नाही. मूळ योजनेत ५२७ टप्पे आणि उद्दिष्टं लिहून दिली होती, प्रत्येकापुढे तारीख. अमुक तिमाहीपर्यंत अमुक कायदा मंजूर, अमुक निविदेचं काम ठेकेदाराला दिलेलं, अमुक इतक्या जागा तयार. ठरलेले टप्पे गाठले आणि आयोगाची खात्री पटली की हप्ता. नाहीतर पैसे अडले. विशेष म्हणजे त्यात नुसत्या इमारती नाहीत. दिवाणी खटल्यांचा कालावधी २०२६ पर्यंत ४० टक्क्यांनी खाली आणायचा, असंही उद्दिष्ट आहे. न्यायालयाची दिरंगाई हा इटलीचा जुना आजार. तिथे गुंतवणूकदार बिचकतात त्याचं ते एक मोठं कारण. साथीच्या निमित्ताने आलेल्या पैशाला ही अट जोडणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

अट खरी होती, हे तिसऱ्या हप्त्याच्या वेळी कळलं. डिसेंबर २०२२ मध्ये इटलीने १९ अब्ज युरो मागितले. आयोगाने फायली उघडल्या. फ्लोरेन्सचं जुनं फुटबॉल स्टेडियम आणि व्हेनिसचं नवं क्रीडासंकुल शहरी वस्त्यांच्या पुनर्विकासाच्या निधीत घातलेलं दिसलं. २०२३ च्या वसंतात आयोगाने ते साफ नाकारलं. पुढे गाडं अडलं ते विद्यार्थ्यांच्या निवासातल्या ७,५०० खाटांवर: या खाटा खरोखर नव्याने भर पडलेल्या आहेत का? महिनोन्‌महिने पत्रापत्री झाली. शेवटी खाटांचे सुमारे ५२ कोटी युरो पुढच्या हप्त्यात ढकलले गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये १८.५ अब्ज मिळाले. इटलीतल्या पुष्कळांना तो अपमान वाटला. मला मात्र फाईल वाचून प्रश्न विचारणाऱ्या त्या अनाम कारकुनाबद्दल मनापासून आदर वाटला. खाटा मोजणं हे हलकं काम नाही.

त्याच देशात, त्याच काळात, दुसऱ्या हाताने जे चाललं होतं ते पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. मे २०२० मध्ये सरकारने घरदुरुस्तीसाठी 'सुपरबोनस' आणला. घराला उष्णतारोधक आवरण बसवा, भूकंपाला टिकेल असं मजबूत करा, आणि खर्चाच्या ११० टक्के रक्कम करातून वजा करा. कर तेवढा भरत नसाल तर ती सवलत ठेकेदाराला किंवा बँकेला विका. बांधकाम धंदा रुतला होता, त्याला उभं करायचं हा हेतू चांगलाच होता, आणि धंदा उभा राहिलाही. पण शंभर रुपयांच्या कामाला एकशे दहा परत मिळणार असतील, तर घरमालक दरासाठी घासाघीस कशाला करेल? ठेकेदार सांगेल तो भाव. शिवाय एकूण खर्चावर कमाल मर्यादाच नव्हती. जेवढे अर्ज, तेवढा बोजा. सरकारी तिजोरीवरचा भार १०० अब्ज युरोंच्या पार गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सवलत विकण्याची सोय एका रात्रीत बंद करावी लागली. त्यानंतर दोनच आठवड्यांत सांख्यिकी खात्याने, हा भार ज्या त्या वर्षीच पूर्ण मोजायचा असं ठरवून, २०२१ ची सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर नेली. वर्ष सरून गेलेलं आणि तूट मागाहून फुगली. हिशेबनिसाला यापेक्षा वाईट काय असतं?

इथे मोजणाऱ्या पद्धतीचीही उणी बाजू सांगायला हवी, कारण तिची किंमत लहान मुलांनी मोजली. योजनेत पाळणाघरं आणि बालशाळा मिळून २,६४,४८० नव्या जागांचं उद्दिष्ट होतं, ४.६ अब्ज युरोंची तरतूद होती. इटलीच्या दक्षिणेत पाळणाघरं फार कमी, म्हणून आई झाली की बाईची नोकरी सुटते. म्हणजे गरज दक्षिणेला सर्वांत जास्त. पण पैसे वाटायचे होते अर्ज मागवून, आणि दक्षिणेतूनच पुरेसे अर्ज आले नाहीत. २०२२ मध्ये मुदत वाढवावी लागली. असं का? कारण अनेक वर्षं नोकरभरती गोठवून ठेवलेल्या छोट्या नगरपालिकांकडे आराखडा काढायला अभियंता नव्हता, निविदा तयार करायला माणूस नव्हता. काटकसर म्हणून रिकामं ठेवलेलं टेबल असं दहा वर्षांनी नडतं. त्यात बांधकाम साहित्याचे भाव चढले, आणि २०२३ च्या फेरआखणीत उद्दिष्ट १,५०,४८० वर आलं. स्टेडियम वगळलं गेलं याचा मला आनंद झाला. या एक लाख चौदा हजार जागा गेल्या याचं दुःख आजही आहे. अर्ज मागवण्याआधी त्या नगरपालिकांना माणसं द्यायला हवी होती. योजना आखताना पहिला खर्च हाच हवा होता.

बांधून झालेल्या पाळणाघराचं पुढे काय, याचा विचार मात्र एका ठिकाणी झालेला दिसतो. युरोपचा पैसा भिंतींसाठी आहे. टप्पे पूर्ण करायची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट २०२६, त्यानंतर तो ओघ थांबणार. सांभाळणाऱ्या ताईंचा पगार मात्र दर महिन्याला लागतो. म्हणून २०२२ च्या अर्थसंकल्पी कायद्याने नगरपालिकांना पाळणाघरं चालवण्यासाठी कायमचा निधी ठरवून दिला: पहिल्या वर्षी १२ कोटी युरो, मग दरवर्षी वाढत २०२७ पासून वर्षाला १.१ अब्ज. हा पैसा इटलीने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा आहे आणि त्याचा हिशेब मागायला ब्रसेल्सहून कोणी येणार नाही. २०२७ च्या अर्थसंकल्पात मी आधी ती ओळ शोधणार आहे.