आजीचं लुगडं आणि निळं जिलेटिन

कपडेपटात काम करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. नाटकं, शाळांची गॅदरिंगं, शिवजयंतीच्या मिरवणुका, सगळीकडे आमचे गठ्ठे जातात. गठ्ठा बांधला की मी तो विसरते. मागच्या वर्षीची २ मेची दुपार मात्र विसरले नाही.

तीनच्या सुमाराला एक मुलगा आला. चांगला उंच, काखेत उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, "काकू, उद्या संध्याकाळी मला तारामती व्हायचंय."

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच तारखेला त्याने आणि त्याच्या मित्रमंडळींनी मूकपटांची रात्र ठरवली होती. प्रत्येकाने त्या काळातलं कुणीतरी होऊन यायचं, आणि नवं काही शिवायचं नाही, घरातल्या जुन्यापान्यातूनच जमवायचं. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून ते काम अण्णा साळुंक्यांनी केलं. हॉटेलात स्वयंपाकी होते ते. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. मुलगा हे सगळं वाचून आला होता. "मला हसं करायचं नाही काकू. नीट करायचंय." हे ऐकलं आणि हातातलं काम मी बाजूला ठेवलं.

अभ्र्यातून निघालं कुंकवाच्या रंगाचं रेशमी नऊवारी. आजीचं, लग्नातलं. मी टेबलावर घडी उलगडायला घेतली आणि तिसऱ्या घडीला चर्र आवाज झाला. वीतभर फाटलं, माझ्याच हातात. पोराचा चेहरा पांढरा पडला. मलाही कसंतरीच झालं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम त्या रेषेवर मरतं. वरून चकचकीत दिसतं, पण धागा आतून गेलेला असतो. कापड उजेडासमोर धरून मगच उलगडायचं, हे मी नव्या मुलींना शिकवते. त्या दिवशी घाईत मीच ते केलं नाही.

"आता फाटलंच आहे, तर काठ कापून दुसऱ्या साडीला लावू या का?" तो म्हणाला. बरेच लोक हेच करतात. पण जुनेराला कात्री लावायची नाही, हा माझा नियम आहे. टाका उसवता येतो, कापलेलं परत येत नाही. ते लुगडं एका संध्याकाळीपुरतं माझ्याकडे आलं होतं, त्या घरात ते पुढेही राहायचं होतं.

मग तो म्हणाला की दारातच काळा पडदा लावून प्रत्येकाचा कृष्णधवल फोटो काढणार आहेत. तेव्हा मला आमच्या प्रकाशयोजनावाल्या दादांचं बोलणं आठवलं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. लाल काळा उतरायचा आणि निळा पांढराफटक. दादांनी ठेवलेला निळ्या जिलेटिनचा, म्हणजे दिव्यांपुढे लावतात त्या पारदर्शक रंगीत कागदाचा, तुकडा शोधला, मुलाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरला, फोटो कृष्णधवल केला. लाल लुगड्याचा नुसता काळा ढीग! ट्रंकेतलं एक विटलेलं आकाशी सुती नऊवारी समोर टाकलं, तर ते दुधासारखं. आम्ही दोघं पुढचा तासभर कपाटातलं एकेक काढून जिलेटिनमधून बघत होतो. नवी सोनेरी जर मळकट दिसत होती, रुपेरी लखलखत होती. आणि आजीच्या पदराची जर घासून घासून वरचा मुलामा उडालेली, आतली चांदी उघडी पडलेली. फोटोत तीच सगळ्यात उजळ!

तिथेच ठरलं. अंगावर आकाशी, खांद्यावरून आजीचं लाल, शेल्यासारखं.

फाटलेल्या जागेखाली मी जुन्या धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा लावला. बारीक सुई, एकेरी रेशमी दोरा, टाके सैल. टाका ओढला की मेलेलं रेशीम टाक्यापाशीच पुन्हा फाटतं. दीड तास गेला त्यात. आकाशी साडीचा पन्हा त्याच्या उंचीला चार बोटं कमी पडत होता, घोटे उघडे राहिले असते. खालच्या बाजूला एका फाटक्या साडीचा रुपेरी काठ धावदोऱ्याने टाचला. चोळी मिळाली ती एका मुलांच्याच नाटकासाठी शिवलेली, पाठीला बांधायचे बंद असलेली, म्हणून बसली. मुकुट दोन मोडक्या मुकुटांचा एक केला, उडालेल्या जागी बेगड चिकटवली.

दुसऱ्या दिवशी चारला मीच नेसवलं. कासोटा घालताना तो एकदाही हसला नाही. शेला खांद्यावर ठेवला आणि सांगितलं, "पिन लावायची नाही याला. हाताने धर. आणि बसताना आधी हा काढून ठेव."

"साळुंक्यांना कुणी नेसवलं असेल हो?" त्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पण कुणीतरी गुडघे टेकून त्यांच्याही निऱ्या बसवल्या असतील, एवढं मनात आलं आणि मी त्याच्या निऱ्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

४ तारखेला तो सगळं परत घेऊन आला. बरोबर आजी होत्या. मी त्यांना फाटलेलं दाखवलं, माझ्याच हातून झालं हेही सांगितलं. त्यांनी धोतराच्या तुकड्यावरून बोट फिरवलं, मोबाइलमधला नातवाचा फोटो पुन्हा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "हे आता कसं ठेवू, ते शिकवा मला."

कापडाच्या ठाणातली पुठ्ठ्याची नळी होती, तिच्यावर धुतलेली मलमल गुंडाळली. लुगड्याची एक बाजू त्यांनी धरली, एक मी, आणि एकही घडी न घालता आम्ही ते त्या नळीवर हळूहळू गुंडाळत गेलो.