नखं वाढेपर्यंत

रविवार, रात्री

आज जुने नेल रॅप्स, म्हणजे नखांवर चिकटवायचे स्टिकर, काढले आणि नवीन लगेच लावले नाहीत, रात्रभर नखं उघडीच राहू देत म्हटलं. सलॉनमध्ये लावलेलं जेल, म्हणजे लॅम्पखाली कडक करतात ते नेलपॉलिश, काढताना नखांची वाट लागली होती, आता ट्यूबलाइटखाली हात धरून नीट बघितलं तर काय चाललंय ते स्पष्ट दिसतं. हरतालिकेला मेंदी लावली होती तेव्हा नखांवर पण मुद्दाम थापली होती, तो केशरी रंग आता मुळापासून सुटून अर्ध्याच्या वर सरकलाय आणि त्याच्या खालचं नख, म्हणजे मेंदीनंतर उगवलेलं, ते चक्क गुळगुळीत आहे! इतकं बरं वाटलं ना बघून. वरचा भाग अजून तसाच, खरखरीत, पांढरे चट्टे, टोकाला पापुद्रे. नख ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं त्याला मेंदी धरून बसते, कितीही भांडी घासा जात नाही, नखाबरोबर पुढे पुढे सरकते आणि शेवटी नेलकटरनेच निघते, त्यामुळे नख किती वाढलं हे मोजायला वेगळं काही लागतच नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं म्हणे, म्हणजे अख्खं नवीन यायला ६ महिने तरी धरा. पायाची नखं तर वर्ष-दीड वर्ष घेतात.

जेल लावलं म्हणून नखं खराब झाली असं मी म्हणणार नाही. लावलेलं होतं तोवर मस्तच होती, टणक, चकचकीत, ऑफिसमध्ये सगळ्या विचारायच्या कुठून केलीस. वाट लागली ती काढताना. अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रावणात, भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळतात, तो दहा-पंधरा मिनिटं तरी ठेवावा लागतो, मग जेल मऊ पडून आपलं आपण सुटायला लागतं. पण शनिवारची गर्दी, बाहेर बायका ताटकळलेल्या, त्या मुलीने फॉइल लवकर काढलं आणि जे सुटलं नव्हतं ते लोखंडी पट्टीने खरवडायला घेतलं, वर ड्रिल मशीन. एका नखावर असा चटका बसला की मी हात मागे ओढला तर म्हणते झालंच ताई, थोडंच राहिलंय. मुळात नख असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पातळ पातळ थर एकमेकांवर घट्ट बसलेले, त्यातले वरचे थर जेलबरोबर खरवडून गेले की ते परत भरून येत नाहीत. तेवढं नख वाढून कापलं जाईपर्यंत थांबायचं, दुसरा उपाय नाही. मला त्या मुलीचा राग येत नाही खरं तर, तिच्यावर पण घाई लादलेली असते, पण बायकांनी सलॉनमध्ये जाताना लावायला किती घेता हे विचारण्याआधी काढता कसं हे विचारायला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आई रोज म्हणते, अगं मोकळी सोड ना ती नखं, जरा श्वास घेऊ देत. मी तिला सांगितलं की आई, जे दिसतं ते नख मेलेलंच असतं, ते काही श्वास घेत नाही, त्याला जे मिळायचं ते आत मुळाशी रक्तातून मिळतं. पण मधेमधे उघडी ठेवावीत हे तिचं म्हणणं मला पटतं कारण तेव्हाच तेल नीट जिरवता येतं आणि काही बिघडलं असेल तर दिसतं. नुसती उघडी ठेवून मात्र माझं भागत नाही. लसूण सोलायला घेतला की नख मागे दुमडतं, केस धुताना केस अडकतात, ओढणीचा धागा खेचला जातो आणि ते नख पार आतल्या मांसापर्यंत चिरत जातं, डोळ्यात पाणीच येतं. रॅप असला की पातळ नखाला वरून एक आधार मिळतो, टोक फाटत नाही. शिवाय हात परत छान दिसतात, आणि ते मला हवं असतं.

रॅप घेताना मी एकच बघते, तो निघणार कसा. लॅम्पखाली धरून कडक करायच्या ज्या जेल स्ट्रिप्स मिळतात त्या सध्या नकोच, त्यात सलॉनच्या जेलसारखीच अ‍ॅक्रिलेट्स नावाची केमिकल्स असतात, ज्यांची काही जणींना कायमची अ‍ॅलर्जी होते, आणि काढायची कटकट परत तीच. जेल लॅम्पखाली कडक व्हावं म्हणून घालतात ते टीपीओ नावाचं केमिकल तर युरोपियन युनियनने सप्टेंबर २०२५ पासून नेल प्रॉडक्ट्समध्ये बंदच केलंय. गोंदाने चिकटवायची प्रेस-ऑन नखंही आत्ता नाही. मी साधे स्टिकरवाले घेते, नखापेक्षा किंचित लहान मापाचे, कडेच्या कातडीला टेकले की तिथूनच उचकटायला लागतात आणि मग कणीक मळताना पीठ जाऊन बसतं.

काढायचं काम रात्री, जेवणं उरकल्यावर, काही घाई नसताना. कोमट पाण्यात थोडा साबण घालून बोटं बुडवून ठेवायची, मग एका कडेला खोबरेल तेलाचा थेंब सोडायचा, लाकडी काडीने ती कड किंचित सुटली की अजून एक थेंब, आणि रॅप मागे गुंडाळत गुंडाळत न्यायचा, सरळ वर ओढायचा नाही. जिथे अडकला तिथे थांबायचं, अजून तेल. आज मधल्या बोटाला बराच वेळ गेला पण रॅपच्या मागे नखाचा एक पापुद्रासुद्धा चिकटून आला नाही, मी उलटा करून बघितला. नंतर मुळाशी तेल चोळायचं, तिथली कातडी कापायची नाही कारण ती पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही, ती गेली की नखुरडं व्हायला वेळ लागत नाही.

मेडिकलमध्ये नखांसाठी म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या हातात ठेवत होते, पण स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या शरीरात कमतरता नसेल तर विशेष फरक पडत नाही, आणि घेत असशील तर रक्त तपासायच्या आधी सांग, थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. मग नाहीच घेतल्या. भांडी घासताना हातमोजे घालते, त्याने जास्त फरक पडलाय.

उद्या सकाळी नवीन लावेन, फिकट मोतिया रंगाचे आणलेत. फक्त उजव्या अंगठ्याला नाही. तिथे एका कोपऱ्यात नख खालच्या कातडीपासून किंचित सुटलंय आणि अशा जागी वरून झाकलं की आत पाणी साचतं, जंतू वाढतात, नख हिरवट पडतं. तेवढं कापून टाकलंय, तो अंगठा कोरडा ठेवायचा, आणि पंधरा दिवसांत कोपरा भरला नाही तर डॉक्टरांना दाखवून यायचं.