पेटीवालीचा डावा हात आणि 'टॅपेस्ट्री': तिसऱ्या महिन्याची नोंद

मंडळी, यावेळी नोंद टाकायला उशीर झाला, त्याचं कारण खाली पेडलच्या भानगडीत येईलच. नवीन असाल तर थोडक्यात सांगते. वीस-बावीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली, आता सेकंडहँड डिजिटल पियानो घेतलाय आणि अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' हा अल्बम अख्खा पियानोवर वाजवायचा असा पण केलाय. बारा गाणी आहेत. तीन महिन्यांत किती झाली? अडीच. हसू नका.

हाच अल्बम का असं मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. एक तर त्यात पियानो मिरवत नाही. निर्माता लू अ‍ॅडलरला ती पियानोपाशी बसून आपल्यासाठीच गातेय असा आवाज हवा होता, तिच्या जुन्या डेमोंसारखा (डेमो म्हणजे गाणं दाखवायला केलेलं साधं रेकॉर्डिंग), आणि तसाच तो आलाय. जानेवारी १९७१ मध्ये हॉलीवूडच्या ए अँड एम स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि १० फेब्रुवारीला बाजारात आला, म्हणजे तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी दहाएक वर्षं ती मुख्यतः दुसऱ्यांसाठी गाणी करत होती, अठरा वर्षांची असताना गीतकार गेरी गॉफिनबरोबर केलेलं 'विल यू लव्ह मी टुमॉरो' शिरेल्स या मुलींच्या गायनगटाने पहिल्या नंबरावर नेलं, तेच इथे ती स्वतः एकदम संथ करून गाते आणि मागे साथीला गातात जेम्स टेलर आणि जोनी मिचेल. मग हा अल्बम अमेरिकेत सलग १५ आठवडे एक नंबरला, ग्रॅमी वगैरे, ते सगळं तुम्हाला माहीत आहेच. मला त्या कव्हरवरचा खिडकीतला उजेड, पुढ्यातलं मांजर आणि तिचे अनवाणी पाय आवडतात. हातातला विणकामाचा तुकडाही तिनेच केलेला. बाई घरी बसलीये आणि काम चालू आहे, बस्स.

तर आता मुद्द्याचं. माझा डावा हात.

पेटीवर डाव्या हाताला एकच काम, भाता. वीस वर्षं त्याने तेवढंच केलंय आणि इमानदारीत केलंय. 'आय फील द अर्थ मूव्ह' पासून सुरुवात केली, कारण अल्बम तिथूनच सुरू होतो आणि मला वाटलं पहिलं सोपं असेल (का वाटलं कुणास ठाऊक). त्यात डावा हात खाली ठोकत राहतो, चार्ल्स लार्कीचा बास त्याला इतका चिकटून चालतो की कुठे पियानो संपला आणि कुठे बास सुरू झाला ते कळत नाही, आणि वर उजवा हात भलत्याच जागी तुटक तुटक पडतो. म्हणजे डावा तबला आणि उजवा टाळ, पण दोन्ही माझेच! पहिले तीन आठवडे उजवा हात जिथे पडेल तिथेच डावाही पडायचा, शाळेच्या कवायतीसारखा. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि विचारतो, "आई, तुझा डावा हात हवेत काय करतोय गं?" बघितलं तर खरंच, डाव्याला दोन मात्रा जरी विश्रांती मिळाली तरी तो आपोआप पुढे-मागे हलतोय. भाता मारतोय! पियानोला!

त्यावर उपाय असा सापडला की मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) बंद केला आणि केरव्याचा ठेका लावला, उजवा हात मांडीखाली दाबून नुसता डावा वाजवायचा, रोज वीस मिनिटं, वाजवताना तोंडाने उजव्याचे बोल म्हणायचे. आठ दिवसांत फरक पडला. मेट्रोनोमच्या टिकटिकीपेक्षा ठेक्यात सम कुठे आहे ते अंगाला कळतं, निदान माझ्या तरी.

याच गाण्यात एक गंमत सापडली. सुरुवातीला दोनच कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गट) फिरत राहतात, सी मायनर सेव्हन आणि एफ. पांढरी एक, म्हणजे सी, षड्ज धरा आणि स्वर मोजा: गंधार कोमल, निषाद कोमल, धैवत शुद्ध. काफी! राग नव्हे हं, थाटापुरतंच, म्हणजे नुसत्या स्वरांपुरतंच म्हणतेय, लगेच कुणी रागाचं चलन घेऊन भांडायला येऊ नका. पण एकदा काफी दिसला आणि बोटं घाबरायची थांबली, कारण या पट्ट्या त्यांच्या ओळखीच्याच.

'इट्स टू लेट' मध्ये तर कहरच आहे. कडव्याची सुरुवात ए मायनर सेव्हन आणि डी सिक्सवर, म्हणजे पांढरी सहा (ए) षड्ज धरली तर परत काफी. धृपदाला बी फ्लॅट आणि एफचे मेजर सेव्हन येतात. षड्ज न हलवता बघितलं तर रिषभ कोमल झाला, धैवत कोमल झाला, सगळंच कोमल. भैरवी! गाण्याचं नावच 'आता उशीर झालाय' आणि धृपद भैरवीच्या स्वरांत, आपल्याकडे भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. टोनी स्टर्नने शब्द लिहिताना किंवा कॅरोलबाईंनी चाल लावताना असं काही डोक्यात असणं शक्यच नाही, पण मला त्या दिवशी इतका आनंद झाला की आमटी लागली खाली.

आता पेडल. सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायचं, वेगळं विकत घेतलं, जोडलं, आणि ते उलटं चालायला लागलं, म्हणजे पाय काढला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. दोन दिवस दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, एकदा फोनवरही आवाज चढला. नंतर कळलं की पियानो सुरू करताना पेडल दाबलेलं असेल तर यंत्र त्यालाच मोकळी स्थिती समजतं, आणि माझं पेडल फरशीवरून घसरू नये म्हणून मीच स्टँडच्या पायाखाली सरकवून ठेवलं होतं. दुकानदाराची माफी मागितली. आता खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टाकलाय, तसूभर हलत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे आणि ती 'सो फार अवे' वाजवताना कळली. पेटीवर पट्टी कशीही दाबा, आवाजाचं लहानमोठेपण भात्यात असतं, सूर लागल्यावरसुद्धा तो फुगवता येतो, हळूहळू मावळवता येतो. पियानोवर बोट पडलं की खेळ खलास, त्यानंतर सूर फक्त विझत जाणार. त्यामुळे लांब सुरांवर मी सवयीने वाट बघत बसते की आता हा फुगेल, आणि तो मरून गेलेला असतो. रेकॉर्ड हेडफोनवर दहा वेळा ऐकली तेव्हा लक्षात आलं की ती सूर फुगवायच्या भानगडीतच पडत नाही. विझतोय तर विझू देते, आणि तो पुरता विझायच्या आत डाव्या हाताने खालून एक स्वर हळूच सरकवते. म्हणजे माझा भाता तिच्या डाव्या हातात आहेच, फक्त वेगळ्या कामाला लावलाय. हे कळल्यापासून पहिलं कडवं थोडं गाण्यासारखं वाटायला लागलंय. हेच ते अर्धं गाणं.

पुढचं 'यू हॅव गॉट अ फ्रेंड'. अजून नुसतं चाचपडतेय, पण त्यात कडवं पांढरी चारच्या (एफ) मायनरमध्ये आणि धृपद काळी चारच्या (ए फ्लॅट) मेजरमध्ये, म्हणजे कोमल गंधारालाच षड्ज करून टाकलाय, सरळ मूर्च्छना. चार-चार काळ्या पट्ट्यांमुळे पियानो शिकणारे या पट्टीला घाबरतात म्हणे. मी मात्र आयुष्यभर गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे काळी चार, काळी पाच करत आले, त्यामुळे तिथे मला निवांत वाटतं. सी मेजरमध्येच उलट हात कुठे टेकवायचा ते कळत नाही.

शेवटच्या 'नॅचरल वूमन' ला साथीला फक्त बास आहे, म्हणून शेजारच्या इमारतीतल्या बास गिटारवाल्या मुलाला दिवाळीनंतर यायला सांगून ठेवलंय. त्याने विचारलं, काकू, कुठल्या स्केलमध्ये? मी म्हटलं, आधी ये तर, चहा घेऊ, मग बघू. तोवर डाव्या हाताची करंगळी आणि अंगठा अष्टकभर ताणून दुखतात त्यावर कुणाकडे काही व्यायाम असेल तर सांगा, माझा पंजा लहान आहे.